नैरोबी ते दारेसलाम, जमिनीवरून : बस, सरहद्दी आणि बाकीचं बरंच

रानवाटा (धागाकर्ता)

पूर्व आफ्रिकेवर इथं जे धागे निघतात त्यात सिंह किती दिसले, चित्ता दिसला का, लेन्स कोणती नेली होती, यापुढं गाडी फारशी सरकत नाही. त्यात वावगं काही नाही. एवढे पैसे मोजल्यावर माणूस सिंह बघणारच. पण नैरोबीला उतरून जीपमध्ये बसायचं आणि आठवड्याने त्याच जीपमधून विमानतळावर उतरायचं, यात तो देश नेमका भेटतो कुठं? म्हणून यंदा मी आणि धाकट्या बहिणीने उद्यानं बाजूला ठेवली आणि रस्ता धरला. नैरोबी, किसुमू, जिंजा, कंपाला, कबाले, किगाली, मग रुसुमोवरून टांझानियात म्वांझा, डोडोमा, दारेसलाम आणि शेवटी झांझिबार. सगळं बसने, जिथं रूळ आहेत तिथं रेल्वेने.

आधी कागदपत्रं, कारण पहिले प्रश्न तेच येणार. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक सामाईक पर्यटक व्हिसा मिळतो. १०० डॉलर, ९० दिवस, तिन्ही देशांत कितीही वेळा ये-जा. ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. टांझानिया यात नाही, त्याचा ई-व्हिसा वेगळा, ५० डॉलर. आणि एकदा टांझानियात गेलात की तो सामाईक व्हिसा संपला असं समजून चालायचं, म्हणून टांझानिया शेवटी ठेवा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिकडं कुणी कार्ड बघेल, कुणी बघणार नाही, पण परत येताना आपलेच लोक मुंबईला बघतात, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, त्यामुळे एकदाचा खर्च.

सुरुवातीला नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने जाऊन आलो. २०१७ साली सुरू झालेली ही नवी रुंद रुळांची गाडी पाच-सहा तासांत पोचवते. साध्या डब्याचं तिकीट १५०० शिलिंग. त्सावोतून जाताना लाल मातीत लोळून लालच झालेले हत्ती खिडकीतून दिसतात. शेजारून अधूनमधून जुना मीटरगेज रूळ दिसत राहतो, तोच १८९६ ते १९०१ मध्ये आपल्याकडून नेलेल्या मजुरांनी घातलेला. सुमारे ३२ हजार माणसं नेली, त्यातली अडीच हजारांच्या आसपास तिथंच गेली. सगळ्यांना त्सावोचे नरभक्षक सिंह ठाऊक असतात, पण माणसं जास्त मेली ती तापाने, आमांशाने आणि अपघातांनी. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात तो डबा अजून आहे ज्यातून १९०० साली किमा स्टेशनावर रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहाने ओढून नेलं होतं. डबा अगदीच साधा दिसतो. खिडकीची उंची बघितली की मात्र पोटात गोळा येतो.

नैरोबीहून कंपालाच्या बहुतेक बस रात्रीच्या. लोक झोपून जातात, सकाळी सरहद्दीवर उठतात. आम्ही ते केलं नाही, कारण एक तर त्या रस्त्यावरचे रात्रीचे अपघात, आणि दुसरं म्हणजे रिफ्ट व्हॅलीचा उतार, केरिचोचे चहाचे मळे आणि पुढं किसुमूजवळ अचानक समोर येणारं व्हिक्टोरिया सरोवर, हे सगळं अंधारात घालवायचं कशाला? किसुमूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी बुसिया.

बुसियाला २०१८ पासून एकाच इमारतीत दोन्ही देशांचं काम होतं. केनियाचा शिक्का मारून घ्यायचा आणि दोन पावलांवर युगांडाची खिडकी. सामान घेऊन मैलभर चालायचं, दलालांच्या गराड्यातून वाट काढायची, हे जुने किस्से आता विसरा. पैसे बदलून देणारे मात्र अजून आहेत, आणि त्यांचा गुणाकार तुमच्यापेक्षा चांगला आहे.

जिंजाला नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. तिथं गांधीजींचा अर्धपुतळा आहे, कारण १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला होता. धरणाचा आणि नव्या पुलाचा फोटो काढू नका, सैनिक खरंच येतात. कंपालाहून दक्षिणेला मसाका रस्त्यावर कायाब्वेला विषुववृत्त आहे. पिवळ्या घमेल्यात पाणी ओतून ‘उत्तरेला असं फिरतं, दक्षिणेला तसं’ दाखवणारे तिथं उभे असतात. घमेल्याच्या आकारावर आणि पाणी ओतायच्या पद्धतीवर सगळा खेळ आहे, चार पावलांवर पृथ्वीच्या फिरण्याचा काही फरक पडत नाही. पण करतात मनापासून, आणि पैसेही मनापासून मागतात.

तिथून थोडं पुढं लुकाया. हे ठिकाण झोपेत घालवू नका. बस थांबायच्या आतच दहा-बारा जण खिडक्यांशी. अंगात नंबर छापलेले डगले, म्हणजे कुणी फसवलं तर नंबर सांगता येतो. एका हातात काड्यांना टोचलेलं भाजलेलं मांस, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली भाजकी केळी, त्यांना गोंजा म्हणतात. बाहेरून चटका लागलेली, आतून मऊ आणि गोड. पैसे आधी की केळी आधी यावर खिडकीतून झटापट चालते. आमच्या मागच्या बाईंनी मोठी नोट दिली आणि बस सुटली. तो पोऱ्या सुटे पैसे मुठीत धरून बसच्या बाजूने पळत आला, तिसऱ्या खिडकीतल्या माणसाच्या हातात कोंबले, आणि ते पैसे हातोहात मागं बाईंपर्यंत पोचले. बसमध्ये कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

किगाली, रुसुमो आणि पुढचं उद्या लिहितो. हात दुखायला लागला.

शेंगदाणा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दोन प्रश्न. आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही. बसच्या प्रवासात उपासमार होईल का? आणि मी एकटी जायचा विचार करतेय. शहाणपणाचं आहे का?

दारेसलामकर

छान लिहिलंय. मी इथं नोकरीला आहे, तेव्हा टांझानियाबद्दल काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे लोकांच्या बस चुकणार नाहीत.

पहिली, घड्याळ. इथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा सकाळचा एक. तिकिटावर कुणी हाताने ‘१२ सकाळ’ लिहून दिलं तर बस पहाटे सहाला आहे, दुपारी बाराला नाही. छापील तिकिटांवर आता बहुधा आपल्यासारखीच वेळ असते, पण खिडकीवरचा माणूस तोंडाने सांगतो ती स्वाहिली वेळ. त्यामुळे नेहमी विचारायचं, ‘स्वाहिली की इंग्रजी?’ यात ओशाळण्यासारखं काही नाही, ते स्वतःही विचारतात. मोठ्या पल्ल्याच्या गाड्या पहाटेच निघतात, हे लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

दुसरी, दारेसलामचा मोठा बसतळ आता म्बेझीला आहे, शहरापासून चांगलाच बाहेर. २०२१ पर्यंत तो उबुंगोला होता. जुनी प्रवासवर्णनं वाचून लोक अजून उबुंगोला जातात. म्बेझीहून शहरात यायला पहाटे लवकर उतरलात तर बरं, नाहीतर वाहतुकीत दोन तास गेलेच समजा. छोट्या अंतराला डालाडाला, म्हणजे खासगी मिनीबस आहे, आणि रिक्षा आहे. रिक्षाला इथं सगळेच ‘बजाजी’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. पुण्याच्या माणसाने ऐकून खूश व्हावं.

तिसरी, झांझिबार. वेगवान बोट साधारण दोन तास घेते, परदेशी माणसाला ३५ डॉलर. तिकीट कंपनीच्या खिडकीवरच घ्या किंवा ऑनलाइन. धक्क्याच्या बाहेर ‘साहेब, बोट सुटतेय, माझ्याकडं द्या’ म्हणणारा बोटीचा कुणी नसतो. आणि ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला त्यांचाच ४४ डॉलरचा विमा काढावा लागतो. तुमचा भारतातून काढलेला विमा असला तरी हा लागतोच.

स्टोन टाऊनमध्ये फ्रेडी मर्क्युरीचं घर दाखवतात. तो जन्मला तिथं आणि शाळेत होता आपल्या पाचगणीला. तिथल्या वाटाड्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ते ठाऊक आहे, पाचगणी कशी आहे ते सांग.

मुक्कामपोस्ट

@शेंगदाणा, मी केनिया आणि युगांडा एकटीने केलंय, टांझानिया मैत्रिणीबरोबर. खाण्याचं सांगते. उपाशी राहणार नाही. चपाती सगळीकडे मिळते, आपल्या पराठ्यासारखी, तेल सोडून भाजलेली. तिच्याबरोबर शिजवलेला घेवडा, म्हणजे आपला राजमाच, तो अगदी टपरीवरही असतो. केनियात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी), युगांडात उकडून ठेचलेली मातोके केळी आणि शेंगदाण्याचं जांभळट कालवण. तुमच्या नावालाच शोभेल. कंपालातलं ‘रोलेक्स’ म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, तेवढं टाळा. भाजीत मांसाचा रस्सा घातला आहे का हे विचारावं लागतं, कारण त्यांच्या लेखी तुकडे काढले की ती शाकाहारी झाली. नैरोबीत पार्कलँड्स भागात गेलात तर प्रश्नच नाही, भेळेपासून डोश्यापर्यंत सगळं.

एकटीने जाण्याबद्दल. दिवसा मला कुठंही धाकधूक वाटली नाही. बसमध्ये चालकाच्या मागची जागा मागून घ्यायची, तिथं सहसा बायका-मुलं असतात. मुक्काम बसतळापासून पायी अंतरावर शोधायचा नाही, बसतळाभोवतीच्या लॉजना रात्री वेगळीच कळा असते. थोडं लांब, घरगुती गेस्टहाऊस. अंधार पडल्यावर रस्त्यावरची बोडाबोडा (भाड्याची मोटरसायकल) थांबवून बसायचं नाही, ॲपवरूनच बोलवायची. नैरोबीत संध्याकाळनंतर मध्यवर्ती भागात पायी फिरणं तिथले लोकही टाळतात. स्टोन टाऊनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असले की लोक फार प्रेमाने वागतात.

आणि एक. आपण भारतीय दिसतो, म्हणजे तिथल्या माणसाला आधी दुकानदार दिसतो. कधी त्यात आपुलकी असते, कधी जुनी अढी असते. युगांडात १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत बाहेर काढलं. ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच्या आधी दुकानात नोकरांना कसं वागवलं जायचं तेही काहींना आठवतं. कंपालात माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलले. मी ऐकून घेतलं.

हिशेबनीस

धागा वाचायला मजा येतेय, पण थोडं पाणी ओततो.

‘उद्यानं बाजूला ठेवली’ हे ज्यांना पुन्हा जायला मिळणार आहे त्यांनी म्हणावं. खासगी नोकरीत दहा-बारा दिवसांची रजा मिळते, तीही साहेबाच्या कपाळावरच्या आठ्या मोजून. आयुष्यात एकदा आफ्रिकेला गेलेल्या माणसाने सेरेनगेटी सोडून लुकायाला केळी खावीत, हे मला नाही पटत.

शिवाय बस स्वस्त, म्हणून सहल स्वस्त, हा हिशेबच चुकीचा आहे. सेरेनगेटीचं प्रवेशशुल्क माणशी दिवसाला ७० डॉलर, एन्गोरोंगोरोचं ६०, तिथल्या विवरात गाडी उतरवायचे गाडीमागे २५० वेगळे, आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. गोरिला बघायचे तर रवांडात १५०० डॉलर, युगांडात ८००. हे आकडे तुम्ही बसने जा नाहीतर विमानाने जा, बदलत नाहीत. बसने जाऊन वाचवलेले पैसे इथं चहापाण्याइतकेसुद्धा भरत नाहीत. आणि ‘आरुशाहून म्वांझाला जाणारी बस सेरेनगेटीतूनच जाते, फुकटात सफारी होते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. परदेशी माणसाला त्या बसमध्ये बसूनही दोन्ही उद्यानांचं शुल्क भरावं लागतं, आणि बस जिराफासाठी थांबत नाही.

ज्यांना खरंच जमिनीवरून जायचंय पण वेळ कमी आहे, त्यांनी ओव्हरलँड ट्रकचा विचार करावा. वीस-पंचवीस जण, तंबू, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून, नैरोबीहून थेट केपटाऊनपर्यंत जातात. एकट्याने विवरात जीप करण्यापेक्षा खर्च वाटला जातो.

रानवाटा

@हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत. म्हणूनच तर उद्यानं बाजूला ठेवली. गोरिलाच्या एका परवान्यात आमचा किगाली ते दारेसलाम प्रवास झाला असता आणि वर पैसे उरले असते. ट्रकबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यात रस्ता तोच असतो, पण तुम्ही तंबूतून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून तंबूत. चालकाशी बोलता, एकमेकांशी बोलता. शेजारी कोंबडी घेऊन बसलेली बाई नसते.

जनावरं मात्र अगदीच चुकली नाहीत. नैवाशाजवळ हेल्स गेट उद्यान आहे, तिथं सायकल भाड्याने घेऊन आत जाता येतं. झेब्रे, जिराफ, रानडुकरं आणि तुम्ही, मध्ये काच नाही. रानम्हैस दिसली की सायकल वळवायची, एवढंच.

आता राहिलेला रस्ता.

कबालेहून कातुना सरहद्द जवळ आहे. ही २०१९ पासून जवळजवळ तीन वर्षं बंद होती, दोन्ही सरकारांच्या भांडणापायी, आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी उघडली. तिथला चहावाला अजून त्याच गोष्टीवर येतो. कातुनाला तीन गोष्टी बदलतात. घड्याळ एक तास मागं जातं. वाहनं डावीकडून उजवीकडं जातात. आणि पिशव्या तपासतात, कारण रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २००८ पासून बंदी आहे. आमच्या पुढच्या माणसाच्या बॅगेतून तिने (तपासणारी पंचविशीची मुलगी, हातमोजे घालून) कपड्यांभोवती गुंडाळलेल्या एकेक पिशव्या काढल्या, घड्या घातल्या, बाजूला ठेवल्या, आणि कपडे पुन्हा जसे होते तसे लावून दिले. ओरडणं नाही, चिरीमिरी नाही. त्या माणसाचे बूट तेवढे उघडे राहिले, ते त्याने काखेत मारले.

किगालीत न्याबुगोगो बसतळावर तिकीट छापून मिळतं, त्यावर वेळ असते, आणि बस त्या वेळेला सुटते. कंपालाच्या टॅक्सी पार्कात शेवटची जागा भरेपर्यंत बसून घाम गाळल्यावर हे पचायला जड जातं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी प्रवास ठेवू नका. त्या दिवशी उमुगांडा असतो, सगळे श्रमदानाला, साधारण अकरापर्यंत रस्ते सुनसान. आम्ही गेस्टहाऊसच्या मालकिणीबरोबर गटार साफ करायला गेलो. तिथली बैठकही बघितली, गल्लीतल्या दिव्यावरून बराच वाद झाला.

किगालीतल्या गिसोझीला १९९४ च्या वंशसंहाराचं स्मारक आहे, त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथं अडीच लाखांहून जास्त माणसं पुरलेली आहेत. जा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

रुसुमोला कागेरा नदीवर पूल आहे, खालीच धबधबा. एप्रिल १९९४ च्या अखेरीस याच पुलावरून एका दिवसात अडीच लाखांच्या आसपास लोक टांझानियात गेले. आता ट्रकांची रांग, चिप्स विकणारी पोरं, आणि एकाच छताखाली दोन्ही शिक्के. पुढं मात्र खरी परीक्षा. रुसुमो ते म्वांझा हा आमच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत लांबलचक, धुळकट टप्पा. एक गोष्ट सुधारली आहे. म्वांझाच्या अलीकडे सरोवराचा फाटा ओलांडायला पूर्वी तराफ्याची वाट बघावी लागायची, तिथं जून २०२५ पासून तीन किलोमीटरचा पूल झाला आहे. बसमधले सगळे त्यावर उभे राहिले, मोबाइल काढले. चालकाने वेग कमी केला, स्वतःही काढला.

डोडोमाहून दारेसलामला नवी विजेची गाडी. २०२४ मध्ये सुरू झाली. चार तासांच्या आत पोचलो. म्वांझा ते डोडोमा बसच्या त्या मधल्या सीटनंतर मी त्या गाडीला मनातल्या मनात नमस्कार केला.

गोंयकारीण

माझे आजोबा नैरोबीला रेल्वेत कारकून होते, बाणावलीहून गेलेले. गोव्यातून तिकडं गेलेल्यांत शिंपी, आचारी आणि कारकून भरपूर. रूळ घातले पंजाबी मजुरांनी आणि त्यांच्या हजेऱ्या लिहिल्या आमच्या लोकांनी, असं आजोबा म्हणायचे.

नैरोबीत गेलात तर डॉ. रिबेरो ही व्यक्ती ठाऊक असावी. गोव्याचे, १९०० साली नैरोबीत आले, गाव अजून तंबूंचंच होतं. झेब्र्यावर बसून रुग्णांकडे जायचे, त्याचा फोटो आहे. तिथल्या पहिल्या प्लेगच्या साथीचं निदान त्यांचंच. दुसरं नाव पिओ गामा पिंटो. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, इकडं गोव्याच्या मुक्तीसाठीही काम केलं, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत घराच्या फाटकातच गोळ्या घातल्या. त्यांच्याबद्दल आजोबा आवाज खाली करून बोलायचे, मडगावात बसूनसुद्धा.

@रानवाटा, मोंबासात जुन्या गावात फिरलात की नाही? त्याबद्दल एक ओळ नाही!

रानवाटा

फिरलो. फोर्ट जीझसच्या भिंतीवर बसून कसाव्याचे काप खाल्ले, वर तिखट आणि लिंबू. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, त्यामुळे तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. मोंबासावर वेगळं लिहायला हवं, ते इथं कोंबणार नाही.

बुलेटस्वार

स्वतःची मोटरसायकल न्यायची असेल तर कुणी अनुभव लिहा. न्हावाशेवा ते मोंबासा बोटीने पाठवून पुढं टांझानियापर्यंत असा विचार आहे. केनिया, युगांडा, टांझानियात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणजे सोपं जावं.

चाकोरीबाहेर

@बुलेटस्वार, नेली होती. कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचं सीमाशुल्काचं कागदपत्र) लागेल, ते मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे मिळतं. गाडीच्या किमतीवर आधारित जामीन ठेवावा लागतो, ती रक्कम परत येईपर्यंत अडकलेली राहते. गाडी परत आणली आणि शेवटचा शिक्का घेतला तरच सुटते, त्यामुळे ‘तिकडंच विकून येऊ’ हे डोक्यातून काढा. विम्यासाठी कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं पिवळं कार्ड घ्या, केनियात काढलं की चारही देशांत चालतं. मोंबासा बंदरातून गाडी सोडवायला दलाल लागतोच. बंदरात रोज भाडं चढतं, म्हणून बोट लागायच्या आधी स्वतः पोचून बसा.

पण खरं सांगू? तिकडं गावोगावी पोरं जी चालवतात ती पुण्याच्या बजाजची बॉक्सर आहे. तिचा क्लचवायर, तिचा चेनसेट, तिचा मिस्त्री प्रत्येक तिठ्यावर आहे. तुमच्या बुलेटचा मिस्त्री कंपाला सोडलं की नाही. माझी गाडी मसाकाला बंद पडली तेव्हा तीन बोडाबोडावाल्यांनी मिळून ती उघडली, आणि त्यातल्या एकाने फार सौम्यपणे विचारलं, ‘तुमच्याकडे बॉक्सर मिळत नाही का?’

बहुतेक उद्यानांत मोटरसायकल घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कुतूहल

किगालीपर्यंत जातोच आहोत तर बुरुंडी किंवा काँगोतलं गोमा जोडता येईल का? नकाशावर अगदी जवळ दिसतं.

रानवाटा

नकाशावर दिसतं. बुरुंडीने रवांडाशी असलेली सरहद्द जानेवारी २०२४ मध्ये बंद केली. गोमा जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांच्या ताब्यात गेलं. अलीकडे रवांडातच गिसेनीला किवू सरोवराच्या काठी बसा, मासे खा, पलीकडचे दिवे बघा आणि परत फिरा. गोमा ही हौस म्हणून जायची जागा नव्हे. एकूणच निघण्याच्या आठवड्यात ताज्या बातम्या वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये टांझानियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या तेव्हा इंटरनेटच बंद होतं, म्हणजे ॲपवरची गाडी, नकाशा, मोबाइलवरचे पैसे सगळं एका झटक्यात गेलं. म्हणून थोडी रोकड आणि कागदी नकाशा.

शेंगदाणा

पैशांचंच विचारणार होते. डॉलर किती न्यायचे आणि कार्ड चालतं का?

मुक्कामपोस्ट

कार्ड शहरातल्या मोठ्या हॉटेलांत आणि एटीएमवर. बाकी सगळा कारभार मोबाइलवर. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, भाजीवालीसुद्धा त्यावरच घेते. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि तिथंच एम-पेसा चालू करून घ्या. युगांडात एमटीएन नाहीतर एअरटेल, आपलंच. प्रत्येक देशात सिम आणि पाकीट वेगळं, त्यामुळे सरहद्दीच्या आदल्या दिवशी खात्यातले पैसे संपवून टाका. डॉलर नव्या नोटांचे न्या. जुन्या सालाच्या, दुमडलेल्या, शाईचा ठिपका पडलेल्या नोटा परत करतात. छोट्या नोटांना भाव कमी मिळतो, पण शुल्क भरताना त्याच लागतात, तेव्हा दोन्ही ठेवा.

हिशेबनीस

बरं, हरलो असं म्हणत नाही, पण एक विचारतो. दारेसलामला कंपनीच्या कामासाठी जायचं आहे, पुढं मागं दोन दिवस मोकळे मिळतील. सेरेनगेटी तर होत नाही. बसने काही दिसेल का?

दारेसलामकर

हिशेबनीस बसमध्ये! धागा सार्थकी लागला.

म्बेझीहून पहाटेची इरिंगाची बस धरा. मोरोगोरो गेलं की पुढं महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून साधारण ५० किलोमीटर जातो. सरळ रस्ता आहे, शुल्क नाही. जिराफ, हत्ती, झेब्रे, हरणांचे कळप रस्त्याच्या कडेला असतात. वेगाला मर्यादा आहे, आणि जनावराला धडक दिली तर जनावरागणिक दंड ठरलेला, त्याची पाटीच लावली आहे. त्यामुळे चालक जपून नेतो. मिकुमी गावात उतरा, राहा, वाटलं तर दुसऱ्या दिवशी जीप करा, सेरेनगेटीच्या निम्म्याहून कमी शुल्कात होतं. मार्च ते मेच्या पावसात जाऊ नका, गवत उंच असतं आणि काही दिसत नाही.

हिशेबनीस

जुलैत आहे काम. कुठल्या बाजूची खिडकी मागायची?

दारेसलामकर

जाताना उजवी. जनावरं दोन्हीकडं असतात, पण मोकळं मैदान उजव्या हाताला आहे, म्हणजे लांबवरचंही दिसतं. जुलैत ऊनही त्याच बाजूने येतं, त्यामुळे बसमधले सगळे उजवीकडचे पडदे ओढून बसतात. शेजारच्याला आधीच विचारून ठेवा.

शेंगदाणा

मी तिकीट काढलं. नैरोबी, ऑगस्ट. बाकी प्रश्न व्यक्तिगत निरोपात विचारते, मुक्कामपोस्ट ताई, चालेल ना?

मुक्कामपोस्ट

विचार की. फक्त पिवळ्या तापाची तारीख आधी घे, केंद्रावर गर्दी असते.